किनाऱ्यावरचा विस्तव

श्रोतेहो, नमस्कार. पश्चात्ताप म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? खाली घातलेली मान, आसवं, छाती पिटणं. येशूची कथा सांगणारी बायबलमधली शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीक भाषेत, आणि तिथला शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द तर त्याहून साधा: शूव, परत फिरणं. रडू येईल किंवा येणारही नाही. पण परत फिरायचं. एवढं ध्यानात ठेवा, परत फिरायचं. लहान मुलांकडून दरडावून ‘चुकलो’ वदवून घेतात ना, ते मला कधीच पटलेलं नाही. त्यातून मूल फक्त घाबरायला शिकतं.

आता येशूचा शिष्य पेत्र, त्याच्याकडे येतो. ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, तरी सांगताना दरवेळी माझा गळा दाटतो.

थंडीची रात्र. येशूला धरून प्रमुख याजकाच्या वाड्यात आणलंय. अंगणात चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलाय आणि पेत्र त्यांच्यात शेकत उभा आहे. दारावरची एक दासी विचारते, “तूही त्याच्यातलाच ना?” पेत्र म्हणतो, “नाही.” पुन्हा कुणीतरी विचारतं. पुन्हा “नाही.” मग त्याच्या बोलीवरून लोक ओळखतात, हा गालीलकर. तेव्हा तो शपथा वाहून सांगतो, “मी त्या माणसाला ओळखत नाही!” आणि कोंबडा आरवतो. शुभवर्तमान लिहिणारा लूक एकच वाक्य जास्त लिहितो: प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. रागावला नाही, बोलला नाही. पाहिलं. पेत्र बाहेर गेला आणि ढसाढसा रडला.

त्याच रात्री धन्याला विकणारा दुसरा शिष्य, यहूदा, तोही कळवळला होता, हे आपण विसरतो. त्याने चांदीची 30 नाणी परत नेली, “मी पाप केलं” असं तोंडाने कबूल केलं. पण कबूल केलं कुणापाशी? याजकांपाशी. ते म्हणाले, “त्याचं आम्हाला काय?” आणि त्याने गळफास घेतला. त्याच्या नावाने बोटं मोडणारी माणसं मला सोसत नाहीत. तो चुकीच्या दाराशी गेला, एवढंच मला दिसतं.

पुढे काही दिवसांनी, क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठल्यावर, सात शिष्य तिबिर्याच्या समुद्रावर, म्हणजे गालीलच्या सरोवरावर, मासे धरायला जातात. रात्रभर जाळं रिकामं. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी हाक मारतं, उजवीकडे टाका. जाळं भरतं, 153 मोठे मासे! या आकड्याचे गूढ अर्थ लोक शोधत बसतात. माझं मत विचाराल, तर कोळी धरलेले मासे मोजतोच, म्हणून आकडा आला. असो. “प्रभू आहे!” असं कानी पडताच पेत्र पाण्यात उडी टाकतो. किनारा 200 हातांवर, पण होडी पोचेपर्यंत त्याला धीर नाही.

आणि किनाऱ्यावर काय असतं? कोळशाचा विस्तव. पुन्हा कोळशाचा विस्तव! ही गोष्ट लिहिणाऱ्या योहानाने हे दोन विस्तव मुद्दाम सांगितलेत, असं मला वाटतं. कोळसा पेटवलेल्या कुणालाही विचारा, निखारे फुलायला वेळ लागतो. म्हणजे पेत्र उडी मारण्याआधी, तोंडातून शब्द काढण्याआधी, विस्तव पेटलेला होता. मासळी भाजायला ठेवलेली होती. दया आधी पोचली होती, श्रोतेहो. पेत्र नंतर पोचला.

येशू म्हणतो, “या, न्याहारी करा.” आधी न्याहारी. मग प्रश्न, तोही एकच, तीनदा: “माझ्यावर प्रीती करतोस ना?” जितके नकार, तितक्या वेळा. तिसऱ्यांदा पेत्र दुखावतो, “प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे.” त्या रात्रीचा उल्लेखही न काढता येशू त्याच्यावर काम सोपवतो, “माझी मेंढरं राख,” म्हणजे माझी माणसं सांभाळ.

जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, तेही सांगायचं होतं. नुकसान भरून द्यावंच लागतं. पण वेळ संपत आला.

कुणाच्या मनात आज जुनं काही सलत असेल, तर विस्तवापाशी जाऊन बसा. शब्द नंतर सुचतील. पुढच्या भागात दावीद राजा आणि संदेष्टा नाथान. नमस्कार.