उलथण्याची उपासना

श्रोतेहो, नमस्कार.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस आले की चर्चच्या मंडळीत एकच विषय असतो: कुणी काय सोडलं. कुणी मटण सोडतं, कुणी चहा. हल्ली काही जण मोबाईल सोडतात आणि सोडल्याचं मोबाईलवरूनच कळवतात! असो. सोडावं, चांगलंच आहे. पण येशूचा प्रेषित पौल, त्यानं रोमच्या मंडळीला पत्रात जे लिहिलं ते चाळीस दिवसांपुरतं नव्हतं. त्या पत्राचा 12वा अध्याय काढा. पहिल्याच वचनात तो विनवतो की तुमची शरीरं देवाला जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. शरीरं म्हणतोय तो. म्हणजे दुखरी कंबर आली, भेगा पडलेल्या टाचाही आल्या.

मोशेच्या नियमशास्त्रातही हे रोजचंच होतं. सकाळी एक कोकरू, संध्याकाळी एक, बरोबर तेलात मळलेलं पीठ. सण असो नसो, रोज. आणि प्रभु येशूही लूकच्या शुभवर्तमानात म्हणतात की माझ्यामागे यायचं तर दररोज आपला वधस्तंभ उचला. पुन्हा सांगते, दररोज.

आता माझी आवडती गोष्ट. आधी ऐकली असेल तर पुन्हा ऐका, मला सांगायला आवडते.

फ्रान्समधली, सतराव्या शतकातली. निकोला एर्मां नावाचा लॉरेन प्रांतातला एक गरीब घरचा मुलगा. तीस वर्षांच्या युद्धात शिपाई झाला, पायाला जखम झाली, जन्मभर लंगडला. मग एका बड्या माणसाकडे नोकर म्हणून राहिला. तिथली त्याची ख्याती काय? हातात येईल ते फोडायचा. हे मी नाही म्हणत, त्यानं स्वतःच सांगून ठेवलंय. शेवटी 1640 साली तो पॅरिसला कार्मेल नावाच्या संन्यासी संघाच्या मठात गेला. मनात हिशेब असा, की इथे आपल्या धांदरटपणाबद्दल चांगली शिक्षा होईल, देवाला तेवढं तरी वाहता येईल. पण तिथे त्याला समाधानच मिळालं. देवानं आपल्याला फसवलं, असं तो गमतीनं म्हणायचा.

मठात त्याचं नाव झालं ब्रदर लॉरेन्स, आणि काम मिळालं स्वयंपाकघराचं. स्वयंपाकाचा त्याला मनापासून तिटकारा! पंधरा वर्षं त्यानं तेच केलं. काम हातात घेताना देवाची मदत मागायची, झालं की आभार मानायचे, चुकलं तर कबूल करून पुढे जायचं. एवढाच त्याचा नियम. तव्यावरचं ऑम्लेट उलटतो तेही देवाच्या प्रेमाखातर, असं तो सांगे. आणि नंतर हाताला काम नसेल तर तिथेच जमिनीवर लोटांगण घालायचं, ऑम्लेट नीट करू दिलंस म्हणून. उठला की राजापेक्षा खूश.

बरं, पुढे ऐका. मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला या माणसाला बर्गंडीला पाठवलं. व्यवहारात हा शून्य. त्यात पाय असा, की नावेत चालता येईना. भरगच्च पिंपं रचलेली, मधून वाट नाही. मग हा काय करायचा? पिंपांवरून चक्क लोळत लोळत इकडून तिकडे जायचा! डोळ्यांसमोर आणा जरा. झगा घातलेला मठवासी, नाव हलतेय, आणि हा पिंपांवरून गडगडतोय. तो देवाला म्हणाला, हे काम तुझंच आहे. मग काळजी केली नाही. काम कसं झालं ते त्यालाही कळलं नाही, पण नीट झालं. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते ब्यूफोर नावाच्या धर्मगुरूंमुळे. 1666च्या ऑगस्टमध्ये ते त्याला पहिल्यांदा भेटले आणि त्याचं बोलणं त्यांनी टिपून ठेवलं.

तर मुद्दा असा, मुद्दा पुन्हा सांगते: नावडतं काम, रोजचं काम, तेच वेदीवर ठेवायचं. प्रार्थनेची वेळ वेगळी आणि कामाची वेळ वेगळी, असं लॉरेन्सला वाटत नसे. भांड्यांच्या खडखडाटात चार जण एकदम हाका मारत असतानाही त्याला तीच शांती असायची.

एक मात्र बोलणारच. त्यागावर तासभर बोलणारे पुष्कळ पुरुष जेवून उठताना स्वतःचं ताट उचलत नाहीत. लॉरेन्स पुरुष होता हे लक्षात असू द्या. आणि घरात मार खात राहणं, अपमान गिळत राहणं, याला कुणी यज्ञ म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. अर्पण आपण होऊन करायचं असतं, कुणी ओरबाडून नेलं तर ते अर्पण कसलं? तसंच, उपासनेत टाळ-मृदंग हवेतच, असंही माझं मत आहे. त्याचा इथे संबंध नाही, पण राहवत नाही.

काय सांगत होते? हां. पुढे लॉरेन्सच्या पायाला व्रण झाला, उभं राहवेना, तेव्हा त्याला बसून करायचं काम दिलं, मठातल्या लोकांच्या चपला शिवायचं. चपला शिवतानाही त्याचं तेच, देवाशी बोलणं. त्याच्या आजारपणात फेनेलों भेटायला गेले होते, जे पुढे कांब्रेचे आर्चबिशप झाले. माणूस अतिशय आजारी होता आणि अतिशय आनंदी होता, असं त्यांनी लिहून ठेवलंय. 1691च्या फेब्रुवारीत लॉरेन्स गेला. पत्रं थोडी, कागदपत्रं थोडी, पण साडेतीनशे वर्षांनी आपण रेडिओवर त्याच्या ऑम्लेटबद्दल बोलतोय.

वेळ संपत आली, समोरून खूण होतेय. नमस्कार.