पडद्यावर एक, गाण्यात दुसरंच

[दृश्य: न्यूयॉर्क, टाइम्स स्क्वेअर. सबवेच्या जिन्यातून वर येणारा माणूस.]

लेदरचा लांब कोट घातलेला हा माणूस वाहत्या रहदारीत सरळ घुसतो. गाडी अंगावर आली तर ड्रायव्हरलाच खडसावतो आणि पुढे चालू लागतो. मागे ड्रमची हाय-हॅट ही झांज एकसारखी वाजतेय, तिच्यावर वा-वा पेडलची, म्हणजे पायाच्या पेडलने 'वा-वा' असा आवाज काढणारी गिटार. हा जॉन शाफ्ट, खासगी गुप्तहेर, 'शाफ्ट' या सिनेमाचा नायक. साल १९७१.

हॉलिवूडने काळा नायक याआधी पाहिला नव्हता असं नाही. सिडनी पॉइटिए होता की. पण त्याच्या पात्रांना गोऱ्या प्रेक्षकांपुढे आपलं सभ्यपण पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागायचं. शाफ्टला त्याची पर्वाच नाही.

[दृश्य: शहराच्या मध्यवस्तीतली जुनी, भव्य थिएटरं.]

हे हॉलिवूडच्या उदारपणामुळे घडलं असं समजू नका. गोरी कुटुंबं उपनगरांत राहायला गेली होती आणि मध्यवस्तीतली प्रचंड थिएटरं ओस पडत होती. आसपास राहणारे काळे प्रेक्षक मात्र तिकीट काढत होते. 'शाफ्ट' काढणारी एमजीएम ही सिनेकंपनी तर पैशाच्या अडचणीतच होती.

त्याआधी काही महिने मेल्विन व्हॅन पीबल्सने एकट्याच्या बळावर एक सिनेमा काढला होता: 'स्वीट स्वीटबॅक'. लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत आणि नायकाचं काम, सगळं त्याचंच. चित्रीकरण १९ दिवसांत उरकलं. सुरुवातीला सिनेमा लावायला दोनच थिएटरं तयार झाली, एक डेट्रॉइटचं, एक अटलांटाचं. सिनेमाला 'एक्स', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं, तर पठ्ठ्याने पोस्टरवरच छापलं की हा शिक्का सगळ्या गोऱ्या परीक्षकांनी मारलाय! सिनेमा तुफान चालला. ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेच्या ह्यूई न्यूटनने तो उचलून धरला. याच ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन पुढच्या वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली.

पोलिसांना चकवून निसटणारा काळा माणूस शेवटी जिवंत राहतो, हे डेट्रॉइटच्या प्रेक्षकाला पडद्यावर क्वचितच पाहायला मिळालं होतं.

[दृश्य: कॅडिलॅक गाडी, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतले रस्ते.]

१९७२. 'सुपर फ्लाय'. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स ज्युनियर, म्हणजे 'शाफ्ट'च्या दिग्दर्शकाचा मुलगा. नायक प्रीस्ट कोकेन विकतो. एक शेवटचा मोठा सौदा करून धंद्यातून बाहेर पडायचं, हा त्याचा बेत. कपडे झकपक, गाडी त्याहून झकपक. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांचा संताप झाला. आमच्या पोरांनी हा आदर्श घ्यायचा का? एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख ज्युनियस ग्रिफिन यांनी या सिनेमांना 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' म्हटलं, म्हणजे काळ्यांचं शोषण करणारा सिनेमा. ही शिवी पुढे त्या प्रकाराचं नावच होऊन बसली.

पण ग्रिफिन यांच्याइतकाच अस्वस्थ आणखी एक माणूस होता, आणि तो चक्क या सिनेमाचा संगीतकार होता. कर्टिस मेफिल्डला चित्रित झालेले प्रसंग पाहून ही तर कोकेनची जाहिरात वाटली. त्याने काम सोडलं नाही. त्याने गाण्यांमधून सिनेमाला उत्तर दिलं.

सिनेमात फ्रेडी नावाचा एक प्याद्यासारखा माणूस आहे. पोलिसांच्या तावडीतून पळताना गाडीखाली येऊन मरतो आणि कथा त्याला तिथेच सोडून पुढे जाते. मेफिल्डने सोडलं नाही. 'फ्रेडीज डेड' हे गाणं त्याने त्याच माणसावर लिहिलं: सगळ्यांनी त्याला वापरलं, आणि आता कुणाला त्याचं काही नाही. गंमत अशी की सिनेमात या गाण्याची फक्त धून वाजते. शब्द ऐकायचे तर रेकॉर्ड विकत घ्यायची. शब्द पडद्यावर नाहीत म्हणून ते ऑस्करसाठी पात्र ठरलं नाही. 'शाफ्ट'च्या गाण्यासाठी आयझॅक हेजला त्याच वर्षी ऑस्कर मिळालं होतं. मेफिल्डचा अल्बम मात्र बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

[दृश्य: पॅम ग्रिअरची पोस्टरं.]

बायकांच्या बाबतीतही असाच पेच. 'कॉफी' या १९७३च्या सिनेमातली नर्स आपल्या बहिणीला व्यसनात ढकलणाऱ्यांचा सूड घेते. आफ्रो केसांत ब्लेडं लपवून ठेवते. पॅम ग्रिअर नायिका म्हणून जबरदस्त. पण कॅमेरा तिचे कपडे उतरवायची एकही संधी सोडत नाही, आणि दिग्दर्शक, निर्माते गोरे. माझ्या मते ग्रिअर या सिनेमांपेक्षा खूप मोठी नटी होती. तिच्या तोलाची भूमिका तिला १९९७ साली 'जॅकी ब्राउन'मध्ये मिळाली.

ही लाट फार टिकली नाही. 'गॉडफादर' आणि 'एक्झॉर्सिस्ट'लाही काळे प्रेक्षक गर्दी करतात हे स्टुडिओंच्या लक्षात आलं. मग वेगळा सिनेमा काढायचा कशाला? सत्तरचं दशक संपायच्या आत कारखाना बंद.

[दृश्य: फिरणारी रेकॉर्ड, जुन्या गाण्याचा तुकडा उचलून वाजवणारं सॅम्पलर यंत्र.]

तोवर माल मात्र सगळीकडे पसरला होता. जेम्स बाँड १९७३ साली हार्लेममध्ये येऊन गेला. मार्व्हलने ल्यूक केज हा नायक १९७२ मध्येच बाजारात आणला होता. 'डोलेमाइट' या सिनेमातल्या रुडी रे मूर या विनोदवीराच्या यमकबाज, शिवराळ बडबडीला रॅपर आपलं मूळ मानतात.

आणि मेफिल्ड? 'सुपर फ्लाय'मध्ये त्याचं 'पुशरमॅन' कोकेनच्या धंद्याच्या दृश्यांवर वाजतं. १९८८ साली आइस-टी या रॅपरने त्याच गाण्याचा तुकडा उचलला. त्याच्या गाण्यात गिऱ्हाईक नशा मागायला येतं आणि हा त्याच्या हातात संगीत ठेवतो. मेफिल्डचं भांडण सोळा वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी पुढे चालवलं.

'सुपर फ्लाय' पाहायचा असेल तर आधी अल्बम ऐका, मग सिनेमा लावा. १९७२ साली रेकॉर्डही थिएटरांच्या आधीच दुकानांत पोहोचली होती.