रस्त्यांची नोंद आणि निधीचा अर्ज

श्रोतेहो, नमस्कार. रस्ता दुरुस्तीसाठी प्रादेशिक निधी मागताना शहराकडे पहिल्यांदा रस्त्यांची नोंद मागितली जाते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियामध्ये हा नियम चांगलाच रुळला आहे. तिथल्या नऊ काउंट्यांचा वाहतूक निधी महानगर वाहतूक आयोग, म्हणजे एमटीसी, वाटतो. शहराचा पेव्हमेंट मॅनेजमेंट प्रोग्राम, म्हणजे रस्त्यांची स्थिती नोंदवून दुरुस्ती ठरवण्याची व्यवस्था, प्रमाणित नसेल, तर दुरुस्तीच्या पैशासाठी ते पात्रच ठरत नाही. त्यासाठी मुख्य आणि जोडरस्त्यांची पाहणी दर दोन वर्षांनी, तर निवासी गल्ल्यांची पाच वर्षांतून एकदा तरी व्हावी लागते.

सुरुवात होते रस्त्याचे तुकडे पाडण्यापासून. एका तुकड्याची रुंदी, वय, थरांची रचना आणि रहदारी साधारण सारखी हवी. अर्धा रस्ता नवा आणि अर्धा जुना असताना तो एकच तुकडा धरला, तर सरासरी आकडा दोन्हीकडे खोटा ठरतो. मग पाहणीसाठी नमुना घ्यायचा, समजा 100 फूट लांब आणि 25 फूट रुंद, म्हणजे 2500 चौरस फूट. त्यात 250 चौरस फुटांवर जाळीदार भेगा असतील, तर त्यांचे प्रमाण 10 टक्के. भेगा किती बिघडल्या आहेत ते सौम्य, मध्यम, तीव्र असे नोंदवायचे. त्यावरून ठरलेले गुण 100 मधून वजा होत जातात आणि उरतो तो पीसीआय, म्हणजे रस्त्याच्या स्थितीचा निर्देशांक. ओल्या रस्त्यावर किंवा धावत्या गाडीतून घाईने पाहणी केली की बारीक भेगा सुटतात आणि आकडा फुगतो.

खरी चूक मात्र त्यानंतर होते. सगळ्यात वाईट रस्ता आधी घ्यायचा, हा लोकांना पटणारा विचार. पण तळ गेलेला रस्ता उकरून नव्याने बांधण्याच्या खर्चात बऱ्या स्थितीतले कितीतरी रस्ते वाचवता येतात. पीसीआय 70 च्या वर आहे तोवर भेगा भरणे आणि स्लरी सील, म्हणजे डांबरी द्रव आणि बारीक खडीचा पातळ लेप, पुरते. 50 च्या आसपास आला की वरचा थर खरवडून नवा डांबरी थर घालावा लागतो. जाळीदार भेगा दिसल्या की पाया खचला असे समजा. त्यावर स्लरी फासणे म्हणजे पैसे वाया घालवणे. आधी तो भाग खोदून भरलाच पाहिजे. स्लरीमुळे पाणी आत मुरत नाही, पण रस्त्याची ताकद वाढत नाही.

अंदाजपत्रकाचे किमान तीन पर्याय मांडा: सध्याच्या पैशात काय होईल, शहराच्या पीसीआयची आजची सरासरी टिकवायला किती लागेल, आणि ती पाच गुणांनी वाढवायला किती. नगरसभेसमोर हेच तीन आकडे उपयोगी पडतात. मागच्या वर्षी थर घातलेल्या रस्त्याची नोंद संगणकात केलीच नसेल, तर प्रणाली तोच रस्ता पुन्हा दुरुस्तीला सुचवते आणि सगळी मागणी संशयास्पद वाटू लागते. काम संपले की आठवड्याच्या आत नोंद करा.

निधीच्या अटींतले दोन बारकावे अनेकांच्या नजरेतून सुटतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निधी सहसा फक्त मुख्य आणि जोडरस्त्यांसाठी मिळतो, त्यामुळे रस्त्याचे वर्गीकरण चुकले की अर्जच अपात्र. दुसरा बारकावा पदपथावरून रस्त्यावर येण्यासाठी अपंगांना लागणाऱ्या उतारांचा. 2013 च्या तिथल्या केंद्रीय मार्गदर्शनानुसार स्लरी आणि चिप सील (डांबरी द्रवावर खडी पसरून दाबलेला थर) ही देखभाल, पण मायक्रोसरफेसिंग (पॉलिमर मिसळलेला स्लरीसारखा थर), केप सील (चिप सीलवर स्लरीचा थर) आणि नवा डांबरी थर हे रस्त्यातले बदल मानले जातात. म्हणजे पदपथ आणि ओलांडणी असलेल्या ठिकाणी कोपऱ्यांचे उतारही नियमाप्रमाणे करून द्यावे लागतात. तो खर्च अंदाजात धरला नसेल, तर निविदा उघडताच रस्त्यांची यादी कापावी लागते.

आणि यादी पक्की करण्याआधी पाणी, गॅस, सांडपाणी विभागांना त्यांच्या पुढच्या पाच वर्षांतल्या खोदकामांची माहिती लेखी मागा. कुठे मुख्य वाहिनी बदलायची असेल, तर तो रस्ता त्या कामानंतरच्या वर्षात ढकला.