आयरिसचं बेट कधी आणि कसं फोडायचं

नमस्कार मंडळी! पांढरी पाकळी, मधे निळा तुरा, सकाळी उमललं की संध्याकाळी मिटलं. नर्सरीत ‘वॉकिंग आयरिस’ म्हणून मिळतं ते हे. परड्यात चार-पाच वर्षं झाली की तक्रार सुरू होते: पानं भरपूर, फूल नाही, कुठलं खत घालू?

खत नको. कुदळ घ्या.

(बेटाजवळ बसून) हे बघा, नवे फुटवे सगळे कडेला. मधे नुसते जुने, वाळके कंद. मुळांची जाळी इतकी दाट की बोट आत जात नाही. वरून घातलेलं शेणखत आत पोचणार कसं?

आता वेळ. मृगात लावणी करायची आपली सवय, पण बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या आषाढातल्या पावसात ताजा काप हमखास कुजतो. दसरा-दिवाळीच्या मधे करा. पाऊस ओसरलेला असतो आणि तांबड्या मातीत ओल असते.

कडेनं वीतभर जागा सोडून खणा आणि बेट अख्खं उचला. माती झटकून फुटवे आधी हातानंच सोडवा, सुटत नाहीत तिथंच सुरी लावा. (तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून) असा पाहिजे: दोन-तीन फुटवे, खाली ताजी मुळं. कंद दाबून बघा. घट्ट असला तर ठेवा. पिचपिचीत लागला, वास आला, तर खुशाल टाकून द्या. पानं निम्मी छाटा, कारण तुटलेल्या मुळांना एवढ्या पानांची तहान भागवता येत नाही.

काश्मीरकडच्या व्हिडिओत कंद अर्धा उघडा ठेवतात. ते दाढीवालं (बिअर्डेड) आयरिस, म्हणजे पाकळीवर दाढीसारखे केस असलेली वेगळी जात, त्याला कडक थंडी लागते. आपल्या या जातीचा कंद मातीनं जेमतेम झाका, मान, म्हणजे पानं फुटतात ती जागा, मात्र पुरू नका. वाफा वीतभर उंच, दोन रोपांत फूटभर अंतर, सकाळचं ऊन आणि दुपारी फणसाची सावली. एवढं मिळालं की ते खूश.

आणि फूल गेलं म्हणून दांडा कापू नका ओ! त्याच्या टोकाला पिल्लू धरतं, भारानं दांडा वाकतो आणि जमिनीला टेकला की तिथं मुळं फुटतात. खाली मातीची कुंडी सरकवा, पिल्लानं मूळ धरलं की मग दांडा तोडा. बेट न उकरता शेजारणीला द्यायला रोप तयार.

फोडून लावलेलं बेट पहिल्या वर्षी फुललं नाही, तर पुन्हा उकरून बघू नका. एक पावसाळा जाऊ दे.