एस्टीमचं टायमिंग: आयडलचा आकडा सोडा, वरचा धरा

नमस्कार मंडळी. साताऱ्यातून, आपल्या शेडमधूनच बोलतोय. पांढऱ्या मारुती एस्टीमचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला त्या व्हिडिओपासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, "दादा, आयडलला टायमिंग किती डिग्री ठेवू?" रोज दोन-तीन तरी. टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी कधी पडते ते, आणि आयडल म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असणं. म्हणून आज त्यावरच बोलू.

सुरुवातीचं पटकन उरकतो, तुम्हाला ते माहीत आहे. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वर, पोचायच्या आधी ठिणगी द्यायची. क्रँकच्या किती डिग्री आधी, तो ॲडव्हान्स. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ डिग्री फिरतो, ६००० ला ३६ डिग्री. म्हणजे इंजिन पळायला लागलं की ठिणगी अजून आधी हवी. डेल्कोतली (डिस्ट्रिब्यूटर, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा) वजनं आणि स्प्रिंगा तेच करतात. एका आरपीएमनंतर वजनं अडतात, तिथून पुढं ॲडव्हान्स वाढत नाही. तिथं जो आकडा मिळतो तो टोटल. मी ज्याला वरचा आकडा म्हणतो तो हाच.

आता तुम्ही विचारताय खालचा, आणि पिस्टन फुटतो वरच्यानं.

हिशोब करू. समजा आयडलला १० डिग्री आहे आणि वजनं २० देतात. वर झाले ३०. तुम्ही मोठा कॅम टाकला, आयडल डगमगायला लागली, कुणीतरी सांगितलं म्हणून डेल्को फिरवून आयडलला १८ केलं. आयडल छान झाली, थ्रॉटललाही गाडी चटकन उचलते. पण वर किती झाले? ३८! तुम्ही खाली काय केलं ते वजनांना कळत नाही, ती त्यांचे २० देणारच.

(पिस्टन कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा. माझ्या पहिल्या एस्टीमचा, तीन नंबरचा. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधला कठडा तुटलाय, दिसतंय का? एका गॅरेजमध्ये टायमिंग कानानं लावून घेतलं होतं. डेल्को फिरवत राहायचं, आवाज सगळ्यात चढा झाला की बोल्ट आवळायचा. आयडलला गाडी इतकी गोड चालत होती की मी खूश. वाईहून पसरणी घाट चढलो, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण खाली. पाचगणीला पोचेपर्यंत मागून निळा धूर. नॉकिंग (मिश्रण भलतंच पेटून होणारी ठकठक) ऐकूच आलं नाही, कारण वर फ्री-फ्लो एक्झॉस्ट गरजत होता. कानानं टायमिंग लावू नका, कळकळीनं सांगतोय. लोड नसताना इंजिनाला जास्तीचा ॲडव्हान्स आवडतो, आणि तेच कानाला बरं वाटतं. लोड आल्यावर मात्र पिस्टन टॉपला पोचायच्या आधीच दाब चढतो आणि पिस्टनला त्याच्याशी झुंजत वर जावं लागतं.

मग लावायचं कसं? उलट्या बाजूनं. व्हॅक्यूमचा पाइप (हलक्या पायावर जादा ॲडव्हान्स देणारा) डेल्कोवरून काढा आणि तोंड बंद करा. बंद करा म्हणजे नीट बंद करा, नाहीतर हवा ओढून आयडलच बदलेल. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) एक नंबर सिलिंडरच्या प्लगच्या वायरला. इंजिन गरम करा, आरपीएम चढवत जा, खूण पुढं सरकायची थांबली की तिथं वाचा. आधी हा आकडा लावा. आयडलला मग जे येईल ते येऊ दे.

पुलीवर वरच्या आकड्याची खूण नसेल तर स्वतः करा. १४० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा घेर साधारण ४४० मिलिमीटर. ३२ डिग्री (माझा वरचा आकडा, कसा शोधला ते पुढं सांगतो) म्हणजे ३९ मिलिमीटर. कागदी पट्टीवर मोजा, टॉपच्या खुणेपासून पांढरी रेघ मारा. आणि टॉपची मूळ खूण खरी आहे का ते आधी तपासा. रबरवाली पुली असेल तर बाहेरची कडी सरकलेली असू शकते. सगळे प्लग काढा, एक नंबरात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) बसवा, हातानं हळू दोन्हीकडं फिरवा, अडेल तिथं पुलीवर खूण करा, दोन खुणांचा मध्य म्हणजे टॉप.

आयडलला कॅमसाठी १६ हवेत आणि वर ३२ च चालतात, तर वजनांनी १६ च द्यायला हवेत. वजनांची धाव कमी करावी लागेल, मी खाचेत पितळी बुश बसवलंय. इथं बरेच जण चुकतात: डेल्को क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. क्रँकला १६ म्हणजे डेल्कोत ८. डेल्को दोन डिग्री फिरवला की क्रँकवर चार बदलतात. बोटभर फिरवू नका.

"अमेरिकेतले व्हिडिओवाले ३६ सांगतात," असं सांगलीच्या एका भावानं लिहिलंय. भावा, ते जुन्या शेवी व्ही-८ चं आहे. तिथला चेंबर वेगळा, आग पसरायला लागणारा वेळ वेगळा. आपल्या इंजिनाचा आकडा आपल्यालाच शोधायचाय. मी २८ पासून सुरू केलं, दोन-दोननं वाढवलं, प्रत्येक वेळी ४०२ मीटरच्या शेवटचा वेग लिहिला. वेळेपेक्षा शेवटचा वेग जास्त खरं बोलतो, वेळ सुटण्यावर फार अवलंबून असते. ३० ला वाढला, ३२ ला वाढला, ३४ ला जिथल्या तिथं. मी ३२ वर परत आलो. हे बंद धावपट्टीवरच करा. पुणे-बंगळूर महामार्गावर नको, तिथं ऊसाच्या ट्रॉल्या विनादिव्याच्या असतात.

व्हॅक्यूम कायमचा काढून टाकलाय असंही काहींनी कळवलंय. रोज चालवायच्या गाडीत तो परत लावा. फुल थ्रॉटलला व्हॅक्यूम उरतच नाही, त्यामुळं शर्यतीत त्याचा त्रास नाही, आणि कराडला जाऊन येताना ॲव्हरेज तोच राखतो.

प्रत्येक धावेनंतर चावी बंद करा, प्लग काढा, भिंगातून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. पुढची धाव मारू नका, दोन डिग्री मागं या, आणि गाडी घरी न्यायच्या आधी कॉम्प्रेशन मोजा.