मन, मत आणि पेन्सिलीची फुली

नमस्कार, श्रोतेहो.

एक पेन्सिल डोळ्यांसमोर आणा. बोटभर लांबीची, टोक बोथट झालेली, दोरीनं बांधून ठेवलेली. 18 सप्टेंबर 2014 च्या सकाळी ग्लासगोमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये त्या पेन्सिलीसमोर मी उभी होते. हातात मतपत्रिका. तिच्यावर उमेदवार नाही, पक्ष नाही, निशाणी नाही. एकच प्रश्न: स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? खाली दोन चौकटी, होय आणि नाही. एकीत फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. शाई वगैरे काही लावत नाहीत. बाहेर पडल्यावर मी सवयीनं बोटाकडे पाहिलं, तर बोट कोरं.

माझा पासपोर्ट भारताचा. तरी मला मत होतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक रीतसर परवान्यानं स्कॉटलंडमध्ये राहत होते, त्यांना या सार्वमतात मतदानाचा हक्क होता. युरोपीय संघातल्या नागरिकांनाही होता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही होता. आणि एडिंबरामध्ये जन्मून पोटापाण्यासाठी लंडनला गेलेल्या माणसाला? त्याला मात्र नव्हता. जो इथे राहतो, इथल्या शाळेत मुलं घालतो, इथल्या दवाखान्यात रांग लावतो, तो इथला, असा हिशेब. स्वातंत्र्याची मागणी म्हटली की रक्त, वंश, जन्मभूमी या गोष्टी पुढे येणार असं आपण धरून चालतो. इथे कायद्यानंच त्या बाजूला ठेवल्या होत्या.

याची मुळं थोडी जुनी आहेत. बशीर अहमद नावाचे गृहस्थ होते. अमृतसरचा जन्म, फाळणीनंतर पाकिस्तान, तरुणपणी ग्लासगो. बसवर कंडक्टर, मग ड्रायव्हर, मग स्वतःची दुकानं. 1995 साली त्यांनी स्वातंत्र्याला पाठिंबा देणाऱ्या आशियाई स्कॉटिश लोकांची संघटना काढली आणि 2007 मध्ये ते स्कॉटिश संसदेत निवडून आले. आपण कुठून आलो त्यापेक्षा सगळे मिळून कुठे चाललो आहोत हे महत्त्वाचं, असं ते सांगत. दक्षिण आशियातून आलेल्या कितीतरी घरांमध्ये ही मागणी परकी वाटली नाही, याचं श्रेय मी त्यांना देते.

आता माझ्या घरमालकीणबाईंबद्दल सांगते. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या उन्हाळ्यात दोन कागद चिकटवलेले होते. डावीकडे त्यांचा, 'नो थँक्स'. उजवीकडे सोळा वर्षांच्या नातीचा, 'येस'. मधे जिरेनियमची कुंडी. बाहेरून येणाऱ्याला ते घर दोन पक्षांचं कार्यालय वाटावं. आतमध्ये मात्र एकाच किटलीतला चहा. नात म्हणायची, आपले निर्णय आपण घ्यायचे, एवढं साधं आहे. आजी म्हणायच्या, माझं पेन्शन कुठल्या चलनात येणार ते आधी सांग.

आजींचं इंग्लंडवर काही विशेष प्रेम होतं असं नाही. फुटबॉलच्या सामन्यात इंग्लंड हरलं की त्या खुशीत दुसरा कप चहा घ्यायच्या. पण त्यांची थोरली लेक न्यूकॅसलला होती, आणि आपल्या आणि लेकीच्या मधे देशाची सरहद्द ही कल्पना त्यांना सोसत नव्हती. चलनाचा प्रश्नही पोकळ नव्हता. स्कॉटलंडमधल्या बँका स्वतःच्या नोटा छापतात, पण पौंड एकच, आणि त्याची सूत्रं लंडनच्या बँक ऑफ इंग्लंडकडे. त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी बजावलं की वेगळे झालात तर पौंडात भागीदारी मिळणार नाही. 'होय'वाल्यांचे नेते अॅलेक्स सॅमंड यांना यावर पटेल असं उत्तर शेवटपर्यंत देता आलं नाही. समुद्रातलं तेल हा त्यांचा मोठा आधार होता. त्या उन्हाळ्यात पिंपाचा भाव शंभर डॉलरच्या वर होता. पुढच्या जानेवारीत तो पन्नासच्या खाली आला.

निकाल तुम्हाला ठाऊक असेल. 'नाही' 20,01,926 आणि 'होय' 16,17,989, म्हणजे टक्केवारीत 55.3 आणि 44.7. मतदान 84.6 टक्के. बत्तीसपैकी चारच विभागांत 'होय' पुढे होतं: ज्यूटच्या गिरण्यांचं जुनं शहर डंडी, जहाजबांधणीचं ग्लासगो, आणि त्याच्या आसपासचे वेस्ट डनबार्टनशर व नॉर्थ लॅनार्कशर.

या चार ठिकाणांमधून फिरलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. इथल्या गोद्या, गिरण्या, पोलादाचे कारखाने एकामागून एक बंद पडले. 1979 ते 1997 अशी अठरा वर्षं स्कॉटलंडनं दर निवडणुकीत मजूर पक्षाला जास्त जागा दिल्या आणि दर वेळी लंडनमध्ये सरकार आलं हुजूर पक्षाचं. 1989 मध्ये माणशी सारखाच आकारला जाणारा पोल टॅक्स आला, तोही इंग्लंडच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर. त्या पिढीशी बोलताना पोल टॅक्स हा शब्द काढून पाहा, आवाज लगेच बदलतो. आमच्या मताला विचारतो कोण, हा सवाल तिथून घट्ट झाला. 1997 च्या सार्वमतात 74.3 टक्के लोकांनी राजधानी एडिंबरामध्ये स्कॉटलंडची स्वतःची संसद असण्याच्या बाजूनं कौल दिला आणि 1999 मध्ये ती भरली. 'होय' म्हणणाऱ्यांशी मी जितक्या वेळा बोलले, तितक्या वेळा त्यांच्या बोलण्यात इंग्रज माणसाबद्दल राग कमी आणि लंडनच्या सरकारबद्दल वैताग जास्त आढळला.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडते. आपण मराठीत सरसकट 'इंग्रज' म्हणतो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातला रेसिडेंट आणि नंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन, ज्याच्यापुढे बाजीराव शरण आला तो जॉन माल्कम, गिरगाव चौपाटीवरच्या कॉलेजला ज्याचं नाव आहे तो मिशनरी जॉन विल्सन, हे तिघेही स्कॉटिश. 1707 मध्ये स्कॉटलंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली, तेव्हा पनामातली वसाहत बुडून स्कॉटलंडचा खिसा रिकामा झाला होता. एकत्र येण्याचा मोबदला म्हणून साम्राज्याचे दरवाजे उघडले, आणि स्कॉटिश मुलं अधिकारी, व्यापारी, डॉक्टर, धर्मोपदेशक होऊन आपल्याकडे आली. त्या साम्राज्याची झळ सोसलेल्या देशातली मी, म्हणून हे स्पष्ट बोलते: स्कॉटलंड ही इंग्लंडची वसाहत होती असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. ते भागीदार होते. आणि ज्या धंद्यासाठी भागीदारी केली तो धंदा विसाव्या शतकात बंद झाला, म्हणून ती कशासाठी चालू ठेवायची हा प्रश्न मला रास्त वाटतो.

दोन वर्षांनी, 2016 मध्ये, ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडावं का याचं, सार्वमत झालं. स्कॉटलंडमध्ये 62 टक्के लोकांनी युरोपीय संघात राहायचं म्हटलं, आणि बत्तीसच्या बत्तीस विभागांत तोच कौल. तरी सगळ्या ब्रिटनचा मिळून कौल उलटा गेला आणि बाहेर पडावं लागलं. 2014 मध्ये 'नाही'वाले घरोघर सांगत होते की युरोपात राहायचं असेल तर ब्रिटनमध्ये राहा. आजींनी हे ऐकून फुली मारली होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. त्या चिडल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या. मला शब्द दिला होता, एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

आजींसारखे कितीतरी 'नाही'कडून 'होय'कडे गेले. पण युरोपला कंटाळलेले काही 'होय'वाले उलट्या वाटेनं 'नाही'कडे आले. त्यामुळे वरवर पाहता आकडा निम्म्याच्या आसपासच राहिला आणि आतली माणसं मात्र बदलली. लोक जागचे हलत नाहीत, असं सर्वेक्षणांचे आलेख पाहून म्हणणाऱ्यांची इथेच चूक होते. 2020 मध्ये करोनाच्या काळात 'होय' बराच काळ पन्नासच्या वर राहिलं, मग पुन्हा खाली आलं. वयाची रेघ तेवढी ठळक आहे: तरुणांत 'होय', म्हाताऱ्यांत 'नाही'.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा आकडा जनगणनेतला आहे. 2022 मध्ये साडेपासष्ट टक्के लोकांनी आपली ओळख 'फक्त स्कॉटिश' अशी नोंदवली. म्हणजे ब्रिटिश हा शब्द त्यांनी लावूनसुद्धा घेतला नाही. आणि तरी स्वातंत्र्याला पाठिंबा निम्म्याच्या आसपास. मन आणि मत यांच्यामध्ये इथे लाखो माणसं उभी आहेत. त्यातल्या पुष्कळांना हवी होती तिसरी चौकट: कर, कल्याणकारी योजना, सगळं एडिंबराच्या हाती द्या, पण घर एक राहू द्या. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून प्रश्न एकच आणि सरळ हवा म्हणून अडून बसले, आणि ती चौकट मतपत्रिकेवर आलीच नाही. मला वाटतं, ही मोठी चूक झाली. माणसांना त्यांच्या मनातलं उत्तर लिहायला जागाच ठेवली नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की लंडनच्या संमतीशिवाय एडिंबराची संसद दुसरं सार्वमत घेऊ शकत नाही. 2024 च्या ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत स्वातंत्र्याची मागणी करणारी स्कॉटिश नॅशनल पार्टी 48 जागांवरून 9 वर आली, आणि प्रश्न संपला असं अनेकांनी लिहून टाकलं.

त्या निवडणुकीनंतर मी नातीशी बोलले. तेव्हा ती सव्वीस वर्षांची, ग्लासगोमध्येच नोकरी करत होती, भाड्याच्या घरात राहत होती. तिनं मजूर पक्षाला मत दिलं होतं. मी विचारलं, मग स्वातंत्र्याचं काय? ती म्हणाली, "आजीला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी केव्हापासून थांबावं लागतंय. या वेळी मी त्याच्यासाठी मत दिलं. ती 2014 ची चिठ्ठी पुन्हा हातात आली, तर फुली त्याच चौकटीत मारीन." मग पलीकडून आजींचा आवाज आला. या वेळी आम्ही दोघी एकाच चौकटीत, असं त्या ओरडून सांगत होत्या.