स्टेंटवर अस्तर येईपर्यंत

अँजिओप्लास्टी झाली, छातीतलं दुखणं थांबलं की घरचे म्हणतात, "ब्लॉकेज काढलं." खरं तर ते काढलेलं नसतं, फुग्याने कडेला दाबलेलं असतं. ते पुन्हा आत येऊ नये म्हणून तिथे धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, कायमची बसवलेली असते. मला आज बोलायचंय ते या जाळीबद्दल, आणि तिच्यासाठी घ्यायच्या दोन गोळ्यांबद्दल.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं तलम अस्तर असतं. रक्त गोठू न देणं हे त्याचंच काम. फुगा फुगवताना ते फाटतं, वर उघडा धातू येतो. रक्तातल्या, गुठळी बांधणाऱ्या प्लेटलेट्सना ही जखमच वाटते, त्या येऊन चिकटतात. बोट कापल्यावर आपल्याला वाचवणारी हीच क्रिया तीन मिलिमीटरच्या नळीत झाली, तर नळीच बंद होते. जाळीवर नवं अस्तर येईपर्यंत ही भीती जास्त असते.

१९८६ साली झाक प्युएल आणि उलरिश सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयात पहिले स्टेंट बसवले, तेव्हापासून या गुठळीची धास्ती आहे. सुरुवातीला हेपॅरिन, वॉरफॅरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा भडिमार व्हायचा. रक्तस्राव होई, गुठळ्या तरीही होत. पुढे नव्वदच्या दशकात दोन गोष्टी कळल्या. स्टेंट नीट फुगवून भिंतीला घट्ट बसवायला हवा. आणि स्टेंटमधली गुठळी मुख्यतः प्लेटलेट्सची करणी असल्याने रोखायचं त्यांनाच. म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला दुसरी गोळी. आज ती क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल असते.

मग औषध लावलेले स्टेंट आले. आतली वाढ रोखून वाहिनी पुन्हा अरुंद होऊ न देणारं ते औषध नवं अस्तर यायलाही उशीर करतं. २००६ मध्ये वर्षभरानंतरच्या गुठळ्यांवरून जगभर खळबळ उडाली होती. आताचे स्टेंट बरेच सुधारलेत, पहिल्या वर्षात गुठळी होण्याचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. पण झाली तर बहुतेक वेळा मोठा हार्ट अटॅक येतो आणि अनेकांचा जीव जातो. सर्वांत धोक्याचे पहिले तीस दिवस.

माझ्या एका पेशंटने तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गोळ्या थांबवल्या. दात काढायचा होता, कुणीतरी सांगितलं, रक्त पातळ करणारी औषधं बंद करा. पहाटे तो घामाघूम होऊन आमच्याकडे आला. स्टेंट पूर्ण बंद. तो वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा अधू झाला. मला आजही वाटतं, डिस्चार्जच्या वेळी मी आणखी पाच मिनिटं बोलायला हवं होतं. दात बहुधा गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो. टाळता येण्यासारखं ऑपरेशन असेल तर पुढे ढकला.

हार्ट अटॅकनंतर सहसा बारा महिने, एरवी सहा महिने दोन गोळ्या. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर कमी. हा हिशेब तुमच्या हृदयरोगतज्ज्ञाने करायचा. हिरड्यांतून थोडं रक्त आलं, अंगावर निळे डाग उठले, तर फोन करा, गोळी चालू ठेवा. शौचाला काळी झाली तर त्याच दिवशी या. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन एकदम घेऊ नका, ठरलेली एकच घ्या. आणि छातीत पुन्हा तसंच दुखलं, तर अ‍ॅसिडिटीची गोळी शोधत बसू नका, अँब्युलन्स बोलवा.